टॅक्सीत राहिलेला कोयता

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिंचपोकळीच्या आमच्या चाळीमागच्या आवारात शेवगा छाटत होतो. हातात बाजारातून आणलेला नवा कोयता होता. दोन फांद्यांत त्याची धार गेली होती आणि मी त्याला शिव्या घालत होतो. पलीकडून माधुरीवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. सकाळी उठलेच नाहीत…" मी तिथेच पाल्यात बसलो. शाळेतल्या बाकापासूनचा मित्र. तेव्हा मला जे रडू आलं ते खरं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लिहिताना माझा तोल सुटणार आहे. वहिनींना दुखवायचं नाही, म्हणून नावं बदलली आहेत. सुधाकरने माझ्या बाबांच्या बाबतीत जे केलं, त्यापुढे माझा तोल सुटणं काहीच नाही.

आमच्या घरात खरा कोयता एकच होता. बाबा तरुणपणी फौजेत होते. ब्रह्मदेशच्या जंगलातून परतताना अंगावरच्या कपड्यांबरोबर तो एक फौजी कोयता त्यांनी आणला होता. टोकाकडे जड होत गेलेलं रुंद पातं, त्यावर सरकारी मालाची खूण म्हणून ठोकलेला बाण, जाड कॅनव्हासचं म्यान. मुठीची एक बाजू मूळची काळी. दुसरी फुटली तेव्हा बाबांनी गिरणीतल्या मोडक्या धोट्याचं पिवळसर लाकूड घासून तिथे बसवलं, तांब्याच्या खिळ्यांनी. ते साच्यावर, म्हणजे मागावर कामाला होते; सूत इकडून तिकडे नेणारा धोटा त्यांच्या हातातलाच. लढाईबद्दल बाबा कधी बोलले नाहीत, पण कोयता दर रविवारी आवारात चालायचा. घाणेरी, केळीची वाळकी पानं, भिंतीतून डोकावणारे पिंपळ… "मनगटान नाय, खांद्यान मार," म्हणायचे. काम झालं की पातं पुसायचं, खोबरेलाचा हात फिरवायचा, आणि ओलं पातं म्यानात कधी घालायचं नाही. मी आणि सुधाकर दोघंही हे त्यांच्याकडूनच शिकलो. सुधाकरचे वडील पोस्टात कारकून. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे, पोराशी चार शब्द बोलायचे नाहीत. त्यामुळे रविवारी तो आमच्याकडेच. बाबा एकदा मला म्हणाले, "सुध्याचो हात बघ. तुझ्यापरास बरो पडता." मला राग आला, पण ते खोटं नव्हतं.

पुढे त्याने शिवाजी पार्कात तळमजल्याची जागा घेतली. मागे छोटी बाग, रान माजलेली. ती साफ करायला त्याने एका रविवारापुरता कोयता मागितला आणि बाबांनी दिला. दोन दिवसांनी तो रडत आला. "टॅक्सीत राहिला रे. परत द्यायलाच निघालो होतो. दादर स्टेशनला उतरलो आणि पिशवी मागच्या सीटवरच…" मग आम्ही दोघं दादरचे सगळे टॅक्सीस्टँड पालथे घालत फिरलो. मी एकेका टॅक्सीवाल्याला विचारत होतो आणि हा माझ्या शेजारी उभा राहून कोयता केवढा होता ते हाताने दाखवत होता. संध्याकाळी घरी आलो तर बाबांनीच त्याची समजूत काढली, "जांव दे रे. वस्तूच ती. तू रडतंस कित्याक?"

पण बाबांनी ती गोष्ट सोडली नव्हती. आमच्याकडे दसऱ्याला पाटावर हत्यारं मांडतात. हातोडी, पाना, आईची विळी, आणि मधोमध कोयता. त्या वर्षी बाबांनी मधली जागा मोकळी ठेवली आणि तिथे नुसतं झेंडूचं फूल वाहिलं. "येतलो तो," म्हणाले. "टॅक्सीवालो पण माणूसच मां." मग दरवर्षी तसंच. आणि दरवर्षी संध्याकाळी सुधाकर सोनं द्यायला यायचा, त्या मोकळ्या जागेला नमस्कार करायचा आणि बाबांच्या पाया पडायचा. बाबांच्या शेवटच्या दसऱ्याला ते अंथरुणावरून उठू शकत नव्हते. सुधाकर त्यांचे पाय चेपत बसला होता. बाबांनी विचारलं, "जागा ठेवलास मां रे?" मी हो म्हटलं. सुधाकर पाय चेपत राहिला.

त्याचं तेरावं झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "बागेचं सामान तुम्ही घेऊन जा, भाऊजी. इथे आता कोण वापरणार?" मी मागच्या पडवीतलं कपाट उघडलं. खुरपं, कात्री, झारी… आणि आत खिळ्याला तो. मुठीची एक बाजू काळी, दुसरी धोट्याच्या लाकडाची. पातं तेलाने चमकत होतं, म्यान शेजारी वेगळं टांगलेलं. "रविवारी सकाळी येऊ नको रे, मी मातीत असतो," असं तो इतकी वर्षं का म्हणायचा, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

वहिनी घाईने म्हणाल्या, "तो तेवढा नको हं. मामंजींचा आहे, फौजेतला. ह्यांचा फार जीव होता त्यावर."

म्हणजे पोस्टातल्या कारकुनाला त्याने परस्पर फौजेत भरती करून टाकलं होतं. माझ्या ओठांवर आलं होतं सगळं. पण समोर तेरा दिवसांपूर्वी विधवा झालेली बाई. एवढंच म्हणालो, "ओला असताना म्यानात घालू नका."

"माहीत आहे हो," त्या म्हणाल्या. "हे नेहमी सांगायचे ना, माझे बाबा असं म्हणायचे म्हणून. मनगटाने नाही, खांद्याने मारायचं, तेही."

म्हणजे वाक्यंसुद्धा. कोयता नेला ते एक वेळ समजू शकतो. मागितला असता तर बाबांनी हसत दिला असता, हात त्याचाच चांगला होता. त्याला कोयता नको होता, त्याला माझा बाप हवा होता, हेही मला कळतं. त्याच्या घरातली ती भिंतीकडे वळलेली पाठ मी पाहिली आहे. पण कळलं म्हणून राग जात नाही. एक म्हातारा वर्षानुवर्षं पाटावरच्या रिकाम्या जागेला फूल वाहतो आणि तुम्ही हात जोडून शेजारी उभे राहता… केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि जाब विचारायला तो मागे राहिला नाही, ही त्याची शेवटची चलाखी.

दसऱ्याच्या सकाळी वहिनींचा फोन आला. "यंदा आम्हाला सण नाही, पण मामंजींच्या कोयत्याला एक फूल तरी वाहावं म्हणते. तुम्ही याल?" जायचं नाही असं ठरवून मी निघालो. आमच्या पाटावर बायकोने सवयीने मधली जागा मोकळी ठेवली होती. कोयता सापडल्याचं मी तिला अजून सांगितलं नव्हतं. शिवाजी पार्कात पाटावर कोयता, त्यावर झेंडू, मागे भिंतीला टेकवलेला सुधाकरचा हसरा फोटो. मी वाकलो, मुठीच्या पिवळ्या बाजूवर हात ठेवला आणि डोकं टेकवलं. बराच वेळ उठता आलं नाही.

उठलो तेव्हा वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. "किती जीव होता तुमचा ह्यांच्यावर," म्हणाल्या.

मी मान हलवली. फोटोकडे मी पाहिलंच नव्हतं.