छबिलीतलं डिझेल

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगत होतो तेव्हा माझ्या साडूच्या नाकातून चहा आला होता. आणि एक विनंती, नीतासमोर हा विषय काढू नका. माझी बायको हे माझ्यापेक्षा छान सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी आणखीनच बावळट दिसतो.

आम्ही राहतो गाझियाबादला. नातेवाइकांना 'दिल्लीला असतो' म्हणून सांगतो, पण जून महिन्यात लाइट जायला लागली की आपण नेमके कुठे राहतो ते बरोबर आठवतं! दुपारी एकदा लाइट गेली की दोन-दोन तास पत्ता नाही. बाहेर लूचा भाजणारा वारा, आत आम्ही. इन्व्हर्टर म्हातारा झालेला, तो पंखे फिरवून फिरवून तासाभरात मान टाकायचा.

नीता म्हणाली, "नवीन इन्व्हर्टर घेऊन टाका."

आता इतक्या सरळ मार्गानं गेलो तर तो मी कसला? ऑफिसातल्या एकाच्या मेहुण्यानं दुकान बंद केलं होतं. त्याचा डिझेलवर चालणारा छोटा जनरेटर त्यानं माझ्या गळ्यात मारला, आणि मीही मोठ्या खुशीनं मारून घेतला. गच्चीवर बसवला. चालू केला की असा आवाज, की खालच्या मजल्यावरची भांडी मांडणीतून चालत पुढे यायची!

जनरेटर आला म्हणजे डिझेल आलं. लाइट गेल्यावर उन्हात पंपावर कोण पळणार? घरातच साठा करून ठेवू. याला प्लॅनिंग म्हणतात, असं मी घरात दोनदा बोलूनही दाखवलं. एक जुना पत्र्याचा डबा घेऊन पंपावर गेलो. पंपवाला बजावत होता, "सर, ढंग का कैन लाओ." मी म्हटलं, चलता है यार. घरी येऊन डिक्की उघडतो तर डब्याच्या बुडातून टप टप टप! आता हे सगळं ओतायचं कशात? समोर पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा रिकामा निळा जार दिसला. ओतलं त्यात, झाकण लावलं आणि ठेवला पुढच्या बाल्कनीत.

"अहो, पाण्याच्या जारमध्ये डिझेल? निदान वर मोठ्या अक्षरांत लिहून तरी ठेवा!"

"अगं, घरात आपण तीन माणसं. तिघांनाही माहितीये. लिहायचं कुणासाठी?"

हे वाक्य नीता अजून माझ्या आवाजात म्हणून दाखवते.

पुढच्याच शनिवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी छबील होती. तुम्ही इकडचे नसाल तर सांगतो. जूनच्या रणरणत्या उन्हात रस्त्याकडेला टेबल मांडतात, मोठ्या ड्रममध्ये दूध, पाणी, गुलाबाचं सरबत, त्यात बर्फाची लादी. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून थांबवायचं आणि गार ग्लास हातात द्यायचा. पैसे नाहीत, काही नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे बलबीर अंकल दरवर्षी हे सगळं मनापासून करतात. रिटायर माणूस, गुडघे दुखतात, पण त्या दिवशी सकाळपासून उभा!

मी अंघोळ करत होतो. डोक्याला शांपू. नीता भाजी आणायला गेलेली. बाहेरून ऋचाचा आवाज आला. ऋचा म्हणजे आमची लेक, कॉलेजात आहे.

"बाबा, बलबीर अंकलना पाणी कमी पडत होतं. मी बाल्कनीतला जार देऊन टाकला हां."

"बरं केलंस बाळा," मी म्हटलं.

आणि मग हातातला मग हातातच राहिला.

"कुठला जार?"

"तोच. बाल्कनीतला. ब्लूवाला."

"अगं, ते डिझेल होतं!"

"ओ नो. मला वाटलं ते तुम्ही कधीच संपवलं!"

कसा बाहेर आलो, मला आठवत नाही. बनियन, बर्म्युडा, डोक्यावर फेसाचा डोंगर, पायात नीताच्या चपला. जिना उतरताना माझ्या डोळ्यांसमोर उद्याचा पेपर दिसत होता. पहिल्या पानावर माझा फोटो, आणि तोही या अवतारात!

छबिलीवर वीस-पंचवीस माणसांची रांग. रिक्षावाले, ऑफिसवाले, एक बाई पोरीला घेऊन. सगळे गटागट पीत होते. बलबीर अंकल मला बघून खूश झाले.

"ओ आओ जी पाटणकर साब! नहा के आए हो या नहाते-नहाते?"

"अंकल, वो हमारा जार कहाँ है?"

"वो? वो तो डाल भी दिया जी! बड़ी मेहरबानी."

मी एक ग्लास हिसकावून घेतला आणि वास घेतला. डिझेल! स्वच्छ डिझेलचा वास! आता त्याच क्षणी माझ्या शेजारून एक टेम्पो धूर सोडत गेला होता, आणि आमच्या रस्त्यावर गुलाबाच्या फुलालासुद्धा डिझेलचाच वास येईल, हे तेव्हा कुठलं सुचायला?

"मत पियो!" मी ओरडलो. "कोई मत पियो! इसमें डीज़ल है!"

आणि नुसता ओरडून थांबलो नाही. ड्रमला दोन्ही हात लावले आणि जोर करून आडवा केला. गुलाबी लोंढा टेबलावरून रस्त्यावर, बर्फाची लादी घसरत थेट गटारापर्यंत, आणि बलबीर अंकलांचे पांढरे बूट गुलाबी!

मग जो गोंधळ उडाला म्हणता!

"मैंने तो मुन्नी को भी पिला दिया!" ती बाई रडायलाच लागली. एक लठ्ठसे गृहस्थ, चार ग्लास प्यायलेले, पोट धरून फुटपाथवर आडवे झाले. तिसरा म्हणाला, "तभी मैं कहूँ, आज स्वाद कुछ अलग है!" ते ऐकून तर माझी खात्रीच पटली. कुणीतरी घशात बोटं घालत होतं, कुणी अँब्युलन्सला फोन लावत होतं.

आणि बलबीर अंकल? ते ओल्या बुटांनिशी तसेच उभे होते. हात जोडलेले. "मेरे हाथ से?" एवढंच म्हणाले. "वाहेगुरु, मेरे हाथ से?"

खरं सांगतो, त्या वेळी जमीन फाटावी आणि मला पोटात घ्यावं असं वाटलं. माझ्या आळशीपणापायी या देवमाणसाच्या डोक्यावर हे पाप!

चौकातला हवालदार धावत आला. त्यानं रिकामा जार उचलला, आत नाक घातलं. तळाशी राहिलेलं हातावर घेतलं, चाटलं. मग शेजारचे सगळे जार एकेक करून हुंगले.

"पानी है," तो म्हणाला. "ये भी पानी. ये भी पानी. डीज़ल किधर है?"

"पानी?" मी म्हटलं. "तो फिर मेरा डीज़ल कहाँ गया?"

"ये तो आप बताओगे जी."

फुटपाथवरचे लठ्ठ गृहस्थ एकदम उठून बसले. बाईनं डोळे पुसले. आणि सगळ्यांच्या नजरा ड्रमवरून माझ्याकडे वळल्या. डोक्यावरचा फेस एव्हाना उन्हानं वाळून त्याची टोपी झाली होती.

तेवढ्यात ई-रिक्षातून नीता उतरली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या.

"अहो, हे काय? आणि माझ्या चपला का घातल्यात?"

"नीता, बाल्कनीतलं डिझेल..."

"बाल्कनीत कुठलं डिझेल? गुरुवारीच तुम्ही ते मागे वॉशिंग मशीनपाशी नेऊन ठेवलंत."

"मी?"

"मग कोण? मी म्हटलं, उन्हात ठेवू नका, हलवा. तुमचा डायरेक्टर साहेबांशी फोन चालला होता. फोन मानेत धरून 'यस सर, बिल्कुल सर' करत जार उचलून घेऊन गेलात. मला वाटलं, ते 'बिल्कुल' मला होतं! मग त्या जागी मी कूलरसाठी पाण्याचा जार ठेवला."

हवालदाराला मराठी येत नव्हतं. पण 'डिझेल' आणि 'वॉशिंग मशीन' हे दोन शब्द त्याला व्यवस्थित कळले.

"चलो, दिखाओ."

मग निघाली आमची वरात! पुढे मी, मागे हवालदार, त्यामागे बलबीर अंकल, आणि मागे पूर्ण रांग. मशीनमागे निळा जार शांतपणे उभा होता. हवालदारानं झाकण उघडलं, नाक मुरडलं, वरचा विजेचा बोर्ड बघितला, शेजारचा गीझर बघितला.

"पानी के जार में तेल, और सिर पे बिजली का बोर्ड! पढ़े-लिखे हो? क्या करते हो?"

"मिनिस्ट्री में हूँ."

"कौन-सी?"

ते मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"घर में तेल रखने वाले बहुत देखे," हवालदार म्हणाला, "शोर मचा के, पुलिस को साथ ला के दिखाने वाला पहली बार देखा."

रांगेत एक स्कूलबसवाला होता. हवालदारानं सगळं डिझेल स्वतःसमोर त्याच्या बसच्या टाकीत ओतून घेतलं, माझ्याकडून माफीनामा लिहून घेतला, आणि जाताना नीताला म्हणाला, "बहनजी, ध्यान रखा करो इनका."

बलबीर अंकल मात्र एका शब्दानं रागावले नाहीत. "कोई बात नहीं जी. किसी ने पिया तो नहीं न? दोबारा बना लेंगे." दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. मी डोकं धुतलं, कपडे घातले, दूध, सरबताच्या बाटल्या आणि बर्फ घेऊन आलो. ऋचानं ढवळलं, नीतानं ग्लास धुतले. चारच्या सुमाराला छबील पुन्हा सुरू झाली, आणि वाढायला ओगराळं घेऊन मी स्वतः उभा राहिलो.

सगळ्यात पुढे तेच लठ्ठ गृहस्थ. मी हात जोडून ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला, उन्हात धरून आरपार पाहिला, आणि अदबीनं माझ्याच हातात परत दिला.

"पहले आप."

मी प्यायलो. मागच्यानंही ग्लास माझ्याकडे केला. "पहले आप." त्याच्या मागची बाई. "भैया, पहले आप."

इकडे येऊन मला इतकी वर्षं झाली. मेट्रोत, लिफ्टमध्ये, पासपोर्टच्या रांगेत, कुठेही मला कुणी कधी 'पहले आप' म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी माझं पोट फुटेपर्यंत सगळी गल्ली म्हणत होती.