गोचीड आणि वेगळा खिळा

मला गोचिडीची किळस येते, अगदी पोटातून. बैलाच्या मानेखाली, कानात, शेपटीच्या बुडाशी त्या एरंडीच्या बियांसारख्या फुगून बसतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपाने मळायच्या आधी बाबा त्या वेचतात. डिझेलच्या डब्यात टाकायच्या सोडून फुगलेल्या तेवढ्या नखाने फोडतात. बोटं काळ्या रक्ताने भरतात आणि त्याच बोटांनी बिडी पेटते. शी!

दोन वर्षांपूर्वी एक त्यांच्याच गुडघ्यामागे सापडली. बाबांनी तिला डिझेल लावलं, बिडीचा चटका दिला आणि चिमटीत दाबून ओढली. पोट हातात आलं, तोंड कातडीतच राहिलं.

काही दिवसांनी तिथे लाल कडं उमटलं आणि पसरत गेलं. आमच्याकडे गोल लाल दिसलं की ते गजकर्णच. मेडिकलवाल्याने न बघताच ट्यूब दिली. आईने बाबांचा टॉवेल न्हाणीत वेगळ्या खिळ्याला टांगला, अंथरूण ओसरीत नेलं.

"पसरते ते. पोरीले झालं तं?"

"मले खाज नाही जराशी बी. गजकर्ण कायचं?" बाबा म्हणाले.

ऐकतं कोण! बाबा जवळून गेले की आई पदर आवरून घ्यायची. बोटांवरचं ते रक्त तिला वर्षानुवर्षं चाललं, आता टॉवेल मात्र ती दोन बोटांत धरून उचलायची. मला गोचिडीपेक्षा त्या दोन बोटांचीच जास्त किळस आली.

कडं आपोआप गेलं, श्रेय ट्यूबला मिळालं. काही महिन्यांनी गुडघा टम्म सुजला. बाबांना बैलाजवळ उकिडवं बसता येईना, आणि त्यांचा सगळा जीव गोठ्यात. अकोल्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "गोचीड चावली होती का?" आई माझ्याकडे बघू लागली. रक्त तपासलं तर लाइम निघाला, गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार. आपल्याकडे हा फार क्वचित दिसतो, म्हणाले. चटका दिला, पोट दाबलं की गोचीड पोटातली घाण जखमेत ओकू शकते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची.

"आणि हा माणसापासून माणसाला होत नाही."

गोळ्या संपल्या. गुडघा आता बराच वळतो. यंदा बाबांनी खुर्चीवर बसून खांदे मळले, गोचिड्या आईने चिमट्याने काढल्या. संध्याकाळी तिने त्यांचा टॉवेल सगळ्यांच्या दोरीवर वाळत घातला. बाबांनी तो काढला आणि न्हाणीतल्या खिळ्याला नेऊन टांगला.

"राहू दे," ते म्हणाले, "तुले किळस येते."