गुडरूनबाई आणि हायफाँगची हवा

सत्तरी ओलांडल्यावर जर्मनीतल्या केम्निट्झच्या गुडरून झायफर्टबाईंनी व्हिएतनामला जायचं काढलं, तेव्हा त्यांच्या मुलीला, केर्स्टिनला, आईचं डोकं फिरलं असंच वाटलं. जी बाई बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यापलीकडे कधी गेली नाही, ती एकदम हायफाँगला निघाली होती, आणि तेही लोआनकडे.

लोआन ही बाईंची मोजेकारखान्यातली मैत्रीण. बर्लिनची भिंत उभी होती त्या काळात व्हिएतनामी मुली पूर्व जर्मनीत करारावर कामाला यायच्या, आणि या दोघींची यंत्रं शेजारी शेजारी होती. लोआनला दिवस गेले, आणि करारात ते चालत नसे, तेव्हा वरच्यांनी 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणत तिला विमानात बसवून परत धाडलं. मी येईन, असं गुडरूनबाईंनी तिला सांगितलं होतं. मग संसार, मग नवऱ्याचं दुखणं. येणं राहूनच गेलं.

डॉक्टरांनी कावीळ आणि टायफॉइडच्या लसी टोचल्या. आधी डेंग्यू झालेला नसेल तर आम्ही त्याची लस देत नाही, म्हणून डासांपासूनच जपा, असं बजावलं. केर्स्टिनने आपली भर घातली: बर्फ नको, कोशिंबीर नको, हातगाडीकडे बघूही नकोस आणि लोआनच्या घरचं तर तोंडातही घालू नकोस. लसींना बाईंनी निमूट दंड पुढे केला, डास पळवायला अंगाला लावायचं मलमही घेतलं. पण लोआनच्या ताटावर बंदी आली तसं त्यांचं टाळकं सणकलं.

"तिच्या दारात जाऊन बिस्किटं चघळत बसू? त्यापेक्षा इथेच बसते की, स्वच्छ मरेन."

आणि खरोखरच हायफाँगला गेल्यावर त्यांनी बिस्किटाचा पुडा फोडलाच नाही. खेकड्याच्या रश्श्यातल्या तपकिरी शेवया त्या वाटी चाटूनपुसून खायच्या. पोटाने कुरकुर केली नाही.

घात केला तो केम्निट्झच्या सवयीने. तिकडे कोंदट हवा म्हणजे पाप. भर हिवाळ्यातसुद्धा सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडायच्या. काही भाडेकरारांतही तसं लिहिलेलं असतं. हायफाँगलाही बाई सकाळी आणि दिवस कलताना खिडकीची जाळी सरकवून उभ्या राहायच्या आणि छाती भरून श्वास घ्यायच्या. मलम फक्त बाहेर जाताना, घरात कशाला? लोआनला वाटायचं, पाहुणीला उकडत असेल. भिडेपोटी ती काही बोलली नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाईंना सणसणून ताप भरला, डोळ्यांमागे ठणका लागला, अंग मोडून गेलं. इस्पितळात रक्त तपासलं. डेंग्यू निघाला. भरपूर पाणी प्या, ॲस्पिरिनला हात लावू नका, रोज रक्त तपासू, असं तिथल्या डॉक्टरणीने सांगितलं आणि त्यांना ठेवून घेतलं.

ताप उतरला आणि धोका टळला, त्या दिवशी केर्स्टिनचा फोन आला. लोआन उशाशीच होती आणि जर्मन ती विसरली नव्हती. केर्स्टिन फोनबाहेर ऐकू येईल इतकं तोंड सोडून बोलत होती. त्या घरात डबकी साचली असणार, असल्या लोकांच्या घाणीत राहिलीस म्हणून हे भोगते आहेस, डॉक्टर हो म्हणाले की पहिल्या विमानाचं तिकीट काढते.

लोआनचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, "खरंय तिचं, ताई. माझ्या घरात आजार झाला तुला. तू जा. तुझ्याच भल्यासाठी सांगते."

ते शब्द ऐकले मात्र, आणि गुडरूनबाई सलाइनच्या नळीसकट उठून बसल्या.

"केर्स्टिन, घर लख्ख आहे. जाळी मी सरकवली, डास मी आत घेतले. त्याचं खापर हिच्या डोक्यावर फोडशील तर खबरदार. हिच्या भल्यासाठी म्हणून आपण हिला एकदा हाकलून दिलं. मी शेजारच्या यंत्रावर होते, मान खाली घालून मोजे विणत राहिले. आता माझं भलं दुसऱ्या कुणी बघायचं नाही."

पलीकडून केर्स्टिनने पुन्हा तिकिटाचं काढलं, तसं बाईंनी तिला मध्येच तोडलं.

"आणि तिकीट काढायची एवढी हौस असेल तर तुझं काढ. आधी लसी घे. मलम घरातसुद्धा लाव. आणि इथे येऊन हिची माफी माग."

बाईंनी फोन गादीवर टाकला. लोआन तोंड फिरवून डोळे पुसत होती.

"रडतेस काय," गुडरूनबाई म्हणाल्या, "मला भूक लागलीय. घरून काय आणलंयस ते वाढ."