निम्म्या पाण्यासकट गेलेला मासा

नोकरीतल्या बऱ्याच तक्रारी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. इंदापूरच्या गोरामी माशाची तक्रार मात्र मला आजही जशीच्या तशी आठवते, आणि मुलांनो, तुम्हाला ती सांगायची राहून गेली होती.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. शुक्रवारी दुपारी एक वयस्कर गृहस्थ तरातरा माझ्या टेबलासमोर आले. पूर्वी त्यांचं सायकलचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत.

"मॅडम, शेजारच्या खानावळवाल्यानं माजा मासा कापला. आत घ्या त्याला."

गोरामी दुकानातून आणतो तेव्हा बोटाएवढा असतो. चाचांचा मासा वीसेक वर्षांत हातभर झाला होता. बायको वारली, मुलगी लग्न होऊन लासुर्ण्याला गेली, त्यानंतर घरात सोबत उरली ती त्याचीच. मेथीची पानं तो चाचांच्या हातून खायचा.

चाचा नमाजाला गेले आणि परतले तेव्हा दाराचं कुलूप शाबूत होतं, मासा नव्हता. जादा किल्ली खानावळीत गल्ल्यामागे टांगलेली असे. शिवाय खानावळवाला रोज विचारायचा, "चाचा, रविवारी रस्सा करायचा का ह्याचा?" वर्षानुवर्षांची थट्टा त्या दुपारी पुरावा झाली.

"मुलीला कळवलंत?" मी विचारलं.

"न्हाय. तिनंच शाळंत असताना हट्टानं आणला हुता. कुठल्या तोंडानं सांगू?"

स्टेशन डायरीत नोंद घेऊन मी जागेवर गेले. भिंतीलगत काचेची लांब पण अरुंद टाकी. तिच्यातलं पाणी निम्म्यावर आलेलं, खालची फरशी मात्र जवळजवळ कोरडी. एवढा मासा घाईने ओढून काढला असता तर खोलीभर पाणी झालं असतं. मी तेवढं मनात ठेवलं आणि खानावळवाल्याला बोलावलं.

तो एप्रनवरच आला. चेहरा उतरला होता, पण जीभ शाबूत होती.

"मॅडम, उजनी धरणाची ताजी मासळी रोज माज्या दारात येती. मी ह्यो म्हातारा मासा कशाला शिजवू? लाकडागत लागंल, लाकडागत! आन् गिऱ्हाईक मलाच शिजवंल."

"किल्ली कोणाला दिली होती?"

"कुणालाबी न्हाय. बघा, तितंच लटकतीय." मग आवाज खाली आला. "चाचा आजारी असले की मीच त्याला मेथी घालतो, मॅडम. आन् चाचाला वाटतंय मी कापला."

शेवटचं वाक्य बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. आरोप खोटा ठरला तरी जिव्हारी लागतो, हे नव्या अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगत असे. त्याला बसवून ठेवणं मला योग्य वाटलं नाही. जबाब घेऊन घरी सोडलं.

संध्याकाळी आमच्या हवालदाराने स्टँडवरून एका पिकअपवाल्याला आणलं. त्याने दुपारी चाचांच्या गल्लीतून एक निळा ड्रम वाहून नेला होता.

"आत काय हुतं म्हायती न्हाय, पर लासुर्ण्यापातुर आतनं धडका. नवरा माज्याशेजारी बसला आन् बाई मागं ड्रमापाशी. सारखी ड्रमाशी बोलत हुती. म्हटलं, डोस्कं फिरलंय का काय बाईचं!"

चाचा समोरच बसले होते. मी त्यांना एवढंच विचारलं, "मोठा मासा दुसरीकडे हलवायचा तर काय करतात?"

"निम्मं जुनं पाणी संगं न्यायचं. एकदम नव्या पाण्यात घातला तर मरतो. मीच शिकवलंय..."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

आम्ही लासुर्ण्याला पोचलो. मुलगी दारातच उभी होती. पळवाट काढायचा तिने प्रयत्नही केला नाही.

"चोरीच केली, मॅडम. लिवून घ्या. माज्याकडं घरची किल्ली हुती. पर अब्बा, त्याला टाकीत वळता येत नव्हतं. तोंड भिंतीकडं तर दिवसभर भिंतीकडंच. किती येळा सांगितलं? तुमी म्हणायचा, त्याला सवय हाय."

चाचा उसाच्या कडेला असलेल्या सिमेंटच्या हौदाकडे गेले. मासा तळाशी होता. चाचांनी पाण्यावर बोट आपटलं तसा तो वर आला, तोंडाने हवा घेतली आणि सावकाश, ऐसपैस वळून परत खाली गेला. चाचा कठड्याला धरून बराच वेळ पाहत राहिले. वर्षानुवर्षं रोज पाहिलेला मासा, पण हे वळणं ते विसरले असावेत.

मग ते एकदम मुलीवर ओरडले. "जाळी कुठं हाय हौदाला? उडी मारून भायेर पडला म्हंजी? काय शिकीवलं हुतं तुला?"

ती रडत रडत हसली आणि जावई जाळी शोधायला पळाला.

तक्रार पुढे चालवायची नाही म्हणून चाचांनी जबाब दिला. मी वाचून दाखवला : "मासा माझ्या संमतीने मुलीकडे आहे."

"संमती कुठं हुती, अब्बा?" ती म्हणाली.

"आता हाय. गप बस."

परतताना आधी खानावळीपाशी गाडी थांबवायला त्यांनीच सांगितलं. आत जाऊन काय बोलले ते मी ऐकलं नाही. बाहेर यायला मात्र त्यांना बराच वेळ लागला, आणि आले तेव्हा जेवून आले होते.

त्या प्रकरणापासून माझी तपासाची सवय बदलली. चोरीत काय गेलं ते आपण पाहतोच. नेणाऱ्याने काय जपलं, तेही मी पाहू लागले. घरातल्या भांडणांत ह्याचा फार उपयोग झाला. आपण ज्याच्यावर माया करतो त्याला जागा पुरते का, हे विचारायचं पुष्कळदा राहून जातं. चाचांनी ते उशिरा विचारलं, पण मासा दीर्घायुषी असल्यामुळे त्यांना वेळ मिळाला. निवृत्तीनंतर एकदा लासुर्ण्यावरून जाताना मी मुद्दाम थांबले होते. बाप-लेक हौदाशी बसून, मेथी कोवळी घालायची की जून, यावर वाद घालत होते.