पऱ्हाटीची भुकटी

वृषाली बिऱ्हाडेचे घर धरणगावला. आई नर्मदाबाई कापूस वेचायला जायची. वेचणी संपली की शेतात उरणारी वाळकी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची सुकलेली झाडे, गावात चुलीत जाते. जळगावच्या एका कॉलेजात पीएचडी करणाऱ्या वृषालीने ती प्रयोगशाळेत नेली. हवा न लागू देता जाळली, कोळशाचे केसापेक्षा हजारो पटींनी पातळ पापुद्रे केले आणि सल्फ्युरिक आम्लात तापवून त्यांवर आम्लाचे गट जोडले. ही काळी भुकटी तळणीच्या वापरलेल्या तेलात मिथेनॉलबरोबर घातली की तेलाचे बायोडिझेल होई. भुकटी स्वतः खर्ची पडत नाही, गाळून पुन्हा वापरता येते, असा तिचा दावा होता.

पहिल्याच खेपेला शंभरातले त्र्याण्णव भाग तेल बदलले. मार्गदर्शक रतिलाल सरांनी आठवड्याभरात शोधनिबंध एका नियतकालिकाला पाठवून दिला.

वृषालीला मात्र चैन पडेना. तिसऱ्या वापरात आकडा निम्म्यावर आला होता. भुकटी धुतलेल्या पाण्यात तिने निळा लिटमस बुडवला, तो तांबूस झाला. आम्ल सुटत होते की काय? जेवताना, बसस्टँडवर, वर्गात शिकवताना तोच प्रश्न. शेवटी तिने प्रयोग मध्येच थांबवून भुकटी गरम असतानाच गाळून काढली आणि नुसते तेल-मिथेनॉल तापवत ठेवले. भुकटी काढली तेव्हा शेहेचाळीस भाग झाले होते. दोन तासांनी ऐंशी.

म्हणजे काम भुकटी करत नव्हती, तिच्यातून निसटलेले आम्ल करत होते.

ती धरणगावला गेली, पण घरात एका जागी बसेना. नर्मदाबाईने भाकरी पुढे ठेवली, काय झाले ते विचारले आणि सगळे ऐकून घेतले. कळले किती, कोण जाणे.

"तुले आधी माहीत व्हतं का?" तिने विचारले.

"नाही."

"आते माहीत शे ना. मंग सांगी दे."

सोमवारी वृषाली सरांच्या खोलीत उभी राहिली. "सर, निबंध मागे घ्यावा लागेल."

रतिलाल सरांनी तिची वही दोनदा वाचली. निबंध तपासणाऱ्यांना कुठे हे कळणार होते, असे ते पुटपुटले. मग संगणक उघडून संपादकाला पत्र लिहायला लागले. पुढचा महिनाभर ते तिच्याशी कामापुरतेच बोलले.

वृषालीने पुन्हा सुरुवात केली. या वेळी आम्लाचे गट कार्बनला थेट रासायनिक बंधाने जोडणारी वेगळी पद्धत धरली. धुतलेल्या पाण्यात लिटमस निळाच राहीपर्यंत भुकटी धूत राहिली. आकडा सत्तरच आला, पण पाचव्या वापरातही अडुसष्ट. गाळून काढल्यावर क्रिया तिथेच थांबली.

सर पहिल्यांदा हसले, आता लिहायला घ्या म्हणाले. वृषालीने होकारार्थी मान हलवली, पण आधी सहाव्या वापरासाठी तेल मोजायला घेतले.