खिळ्यावरची माळ

प्रकाश गेल्याचा फोन त्याच्या थोरल्या भावाने, दादांनी केला. पहिलं वाक्य गेल्याचं. दुसरं, "दारूनं खाल्ला त्याला." दिवसकार्यापर्यंत त्यांच्या गावापासून, नेऱ्यापासून, इकडे नवीन पनवेलपर्यंत ते दुसरं वाक्यच सगळ्यांच्या तोंडी होतं, म्हणून हे लिहितो आहे. प्रकाश पीत नव्हता. वीस वर्षं आमची दारं समोरासमोर होती. लग्नातल्या हळदीच्या रात्री सगळा मांडव पीत असला तरी तो कोकम सरबत घेऊन कोपऱ्यात बसायचा.

त्याची थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत होती. भूक दुप्पट, तरी वजन बहात्तरवरून अठ्ठावन्नवर आलं. हात थरथरायचे, म्हणून चहा अर्धाच कप मागायचा... पुढे डोळे पिवळे झाले. थरथरता हात आणि पिवळे डोळे. लोकांना एवढं पुरतं. डॉक्टरांनी मात्र माझ्यासमोर सांगितलं होतं, "थायरॉइडमुळेच लिव्हर बिघडलंय. ती ताब्यात आली की कावीळ कमी होईल. रक्त तपासत राहू, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका."

दादांनी गावाकडून काविळीची माळ आणली. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवलेली, जेमतेम डोक्यावर बसणारी. ती लांबत लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली, असा त्यांचा हिशेब. "ही अंगावर हाय तवर गोली नाय," दादांनी बजावलं. मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, तर म्हणाले, "सायब, तुमचा डाक्टर बेवड्याला बेवडा कशाला बोलंल? गिऱ्हाईक जाईल त्याचं."

प्रकाश नुसता हसला. "राहू दे रे. दादाचं मन मोडवत नाही." त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

माळ छातीवर आली तसे दादा खूश. पोटावर आली त्या दिवशी प्रकाशला ताप चढला, नाडी एकशे साठवर गेली. गोळी बंद होती, थायरॉइड मोकाट सुटली होती. दवाखान्यातून तो परत आला नाही...

पहिली उतरली की घालायची म्हणून दादांनी दुसरी ताजी माळ ओल्या फडक्यात आणून ठेवली होती. प्रकाशच्या बायकोला, वहिनींना, विचारून मी ती घेतली, टेपने मोजली आणि आमच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली. तेव्हा नऊ इंच लोंबत होती. काड्या वाळल्या, गाठी सैल पडल्या. आज ती बावीस इंच आहे. खिळ्याला कावीळ नव्हती.

दादांना दोनदा निरोप धाडला, या आणि बघा. आले नाहीत. माळ तिथेच राहील.