कलशेट्टींचा कॅमेरा कोपऱ्यात

बसवेश कलशेट्टींनी जन्मात कधी टॅबलेट हातात धरला असेल तर तो दुकानात, काउंटरला वायरीनं बांधलेला. स्वतःचा म्हणाल तर तडा गेलेला एक मोबाईल, बस्स. पण कुठल्या कंपनीचा टॅबलेट कधी येणार, बॅटरी केवढी, स्पीकर डावीकडं का उजवीकडं, पेन कुठं चिकटणार, हे सगळं माणसाला तोंडपाठ! आणि हे बाजारात आलेल्या टॅबलेटचं नव्हे बरं का, अजून न आलेल्या टॅबलेटचं. आलेल्या वस्तूत त्यांना काडीचा रस नव्हता. आली म्हणजे संपलं की. त्यात आता अंदाज कशाचा करायचा?

दिवसभर ते अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे मोजून ट्रकमध्ये चढवून घ्यायचे. संध्याकाळी सुटले की स्कूटी थेट आसरा चौकात, महेश्वरच्या मोबाईलच्या दुकानापुढं. महेश्वर त्यांना लांबून पाहूनच स्टूल पुसायला घ्यायचा. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, पण आधी काकांना चहा. "काय म्हणताय काका, पुढचा टॅब कसा असणार?" एवढं त्यानं विचारायचा अवकाश, कलशेट्टी सुरू. तासभर थांबायचं नाव नाही.

आता त्यांचे अंदाज कसे होते, तेही सांगून टाकते. लाज वाटावी असे होते. मागं ते म्हणाले, खालचं गोल बटण राहणार म्हणजे राहणार. बटण गेलं. म्हणाले, पेन खोक्यात फुकट येणार. पेन वेगळं विकायला आलं, वर त्याचं चार्जिंग निराळं. कडा गोल होणार म्हणाले, तर कडा अशा सरळसोट निघाल्या की पाटी बरी. एखाददुसऱ्या वेळी कुणीही चुकतं हो. पण दरवेळी, न चुकता चुकायचं म्हणजे अंगात काहीतरी लागतं, आणि ते कलशेट्टींच्या अंगात ठासून भरलं होतं. बरं, आदल्या चुकीचं त्यांना ओझंही नाही. "कंपनीनं ऐन वेळी बदललं," एवढं बोलून स्वारी पुढच्या टॅबलेटकडं वळायची.

यंदाची गोष्ट मात्र वेगळी होती. यंदा त्यात महादेवीचा जीव अडकला होता.

महादेवी म्हणजे कलशेट्टींची बायको. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन. वर्षानुवर्षं शेजारणींच्या साड्यांना फॉल लावणं, ब्लाऊज उसवून सैल करणं, हेच तिचं काम. त्यातही निम्म्या बायका "एवढं जरा करून ठेव की गं" म्हणत फुकटात करून न्यायच्या. मग तिनं चादरीच्या कारखान्यातून उरलेले तुकडे आणून मोबाईलची पाकिटं शिवून बघितली. लाल-काळ्या चादरीवरचा मोर बरोबर पाकिटाच्या मधे यायचा. महेश्वरनं ती पाहिली आणि पागलच झाला.

"काकू," तो म्हणाला, "नवीन टॅब येतोय ना, त्याची कव्हरं शिवा. बाहेरची कव्हरं यायला लई वेळ लागतो, लोकं पहिल्याच दिवशी मागतात. टॅब आला त्या दिवशी तुमची कव्हरं माझ्या काउंटरवर पाहिजेत. बरोबर बसली तर ह्या काचेच्या कपाटातला वरचा कप्पा तुमचा. कायमचा. वर तुमच्या नावाची पाटी लावतो."

झालं! त्या कप्प्यानं महादेवीला पछाडलं. भाजी निवडताना कप्पा, देवापुढं हात जोडताना कप्पा. नावाची पाटी म्हणजे काय थट्टा आहे? घराच्या दारावरसुद्धा तिचं नाव नव्हतं.

अडचण एकच होती. कंपनीनं टॅबलेटची लांबी, रुंदी, जाडी सगळं जाहीर केलं होतं, पण पाठ दाखवली नव्हती. जाहिरातीत बघावं तर टॅबलेट समोरूनच, जणू पाठ दाखवली तर सासरचे रागावतील. आणि कव्हर घातलेलं असताना फोटो काढायचा तर कॅमेऱ्यापुरतं भोक हवंच. ते कोपऱ्यात पाडायचं का मधोमध? कुणी म्हणे कोपऱ्यात, कुणी म्हणे मधे. चादरीचं कापड एकदा कापलं की दोरे सुटतात, त्याला पुन्हा ठिगळ नाही. चुकलं तर सगळी कव्हरं फरशी पुसायच्या लायकीची, आणि कप्पा गेला. मोराच्या नक्षीचा तसला गठ्ठाही पुन्हा मिळायचा नव्हता.

"तुमी सांगा," महादेवी नवऱ्याला म्हणाली. "तुमी सांगाल तेव्हा मी कात्री लावणार."

कलशेट्टींची छाती जी फुगली म्हणता! आजवर घरात त्यांना कुणी मिठाचा डबा कुठं ठेवू हेसुद्धा विचारलं नव्हतं. "घाई करायची नाही," ते म्हणाले. "घरचं काम आहे. अभ्यास करून सांगतो."

आणि खरंच अभ्यासाला लागले. एरवी दुकानात बसून धडाधडा बोलणारा माणूस, यंदा तोंडाला कुलूप. महेश्वरनं किती खोदून विचारलं, "अजून चाललंय" एवढंच उत्तर. व्हिडिओ बघितले, जुन्या टॅबलेटची पोटं फाडून दाखवणारे फोटो बघितले, जेवणाच्या ताटात पोळीची बॅटरी आणि लोणच्याच्या फोडीचा कॅमेरा मांडून बघितला. आठवडा गेला आणि एके दिवशी कारखान्यात गठ्ठे मोजता मोजता त्यांना एकदम लख्ख दिसलं. कोपऱ्यात! कोपऱ्यातच! मधे कॅमेरा घातला तर बॅटरीला मधोमध खड्डा पडणार. मग बॅटरी काय डोक्यावर घ्यायची? शिवाय कॅमेरा मधे आला की टेबलावर टॅबलेट डुगडुगणार. कंपनीतले इंजिनिअर काय खुळे आहेत?

तशीच स्कूटी हाणत ते महेश्वरच्या दुकानात आले. आधी इथं जाहीर करावं, मग घरी, असा बेत. दुकानात एक अनोळखी गृहस्थ बसले होते. महेश्वर म्हणाला, "काका, हे कुंडलिकराव. मोडनिंबला यांचं मोबाईलचं दुकान आहे. माझ्याकडनंच माल नेतात."

कुंडलिकराव ताडकन उठले आणि कलशेट्टींचे दोन्ही हात धरले.

"तुमीच का कलशेट्टी सायेब! लई दिस झालं भेटायचं म्हणत हुतो. आवो, तुमच्या जिवावर आमचं दुकान चालतंय!"

"अहो, कसलं काय," कलशेट्टी लाजले.

"न्हाय न्हाय, खरं बोलतो. तुमी म्हणला बटान ऱ्हाणार, आमी बिनबटनाच्या काचा मागवल्या. तुमी म्हणला पेन फुकाट, आमी पेनांचा ढीग लावला. सगळा खपला! असा मानूस उभ्या जिल्ह्यात न्हाय. तुमी बोलायचं आन् आमी डोळं झाकून उलटं करायचं, एकदाबी फसलो न्हाय बगा!"

मागं महेश्वर हातवारे करत होता, खोकत होता, शेवटी त्यानं पंखासुद्धा बंद करून बघितला. पण कुंडलिकरावांच्या कृतज्ञतेला पूर आला होता. "आता नव्या ट्याबचा क्यामेरा कुटं ते तेवढं सांगून टाका की!"

महेश्वरनं दिलेला चहा कलशेट्टींनी न पिताच हळूच काउंटरवर ठेवला. "कारखान्यात काहीतरी विसरलं," असं पुटपुटत ते बाहेर पडले. फार लागलं हो त्यांना. स्टूल पुसणं, चहा, "काय म्हणताय काका", सगळ्याचा अर्थ एका फटक्यात कळला. स्कूटी चालवायचंही भान राहिलं नाही, ढकलतच घराकडं निघाले.

चालता चालता त्यांना आणखी काय काय आठवायला लागलं. आपण म्हणायचो, आज आभाळ येणार, आणि महादेवी खुशाल पापड गच्चीवर नेऊन घालायची. आपण म्हणायचो, पाहुणे येत नाहीत, आणि ती जास्तीची कणीक मळायची. अरे देवा! म्हणजे घरातही हेच? आणि आता भोक कुठं पाडू म्हणून विचारलंय, ते कशासाठी?

ते रस्त्यातच थांबले. आपण कोपऱ्यात म्हणालो तर ती मधे कापणार. आणि कॅमेरा तर कोपऱ्यातच आहे, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. म्हणजे आपण खरं सांगितलं की तिचा गठ्ठा वाया, कप्पा गेला, पाटी गेली. राग आला होता, अपमान झाला होता, पण तिचा कप्पा जावा एवढा राग बसवेश कलशेट्टींच्या अंगात नव्हता. त्यांनी ठरवलं, उलटं सांगायचं. ती त्याच्या उलटं करेल आणि भोक बरोबर कोपऱ्यात पडेल.

घरी महादेवी कापड पसरून, कात्री घेऊन बसलीच होती.

"सांगा की. कोपऱ्यात का मधोमध?"

कलशेट्टींनी चपला काढल्या. तिच्या तोंडाकडं बघितलं.

"मधोमध," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

टॅबलेट आला त्या दिवशी महेश्वरच्या दुकानात ही गर्दी. कंपनीनं सीलबंद खोकं पाठवलं होतं आणि दुपारपर्यंत उघडायचं नाही अशी ताकीद होती. कुंडलिकराव मोडनिंबहून मुद्दाम आले होते. कलशेट्टी यायचेच नव्हते, पण महादेवी कव्हरांचं गाठोडं घेऊन रिक्षात बसली आणि "चला, मला तिथलं काय कळतंय" म्हणाली, मग करतात काय? आले आणि दाराशी उभे राहिले. महेश्वरनं स्टूल पुसलं, पण कलशेट्टींनी तिकडं बघितलंही नाही.

महेश्वरनं सील कापलं. टॅबलेट बाहेर काढला. उलटा केला.

कॅमेरा मधोमध होता. अगदी कपाळावर टिकली लावावी तसा.

कलशेट्टींनी ते दारातूनच पाहिलं. म्हणजे आपण पुन्हा चुकलो! नेहमीसारखं खरं खरं बोललो असतो तर हिची कव्हरं बरोबर झाली असती. जन्मात एकदा शहाणपणा करायला गेलो आणि हिच्या पोटावर पाय आणला. महादेवी गाठोड्याची गाठ सोडायला लागली, तसे ते गर्दीतून पुढं घुसले.

"सोडू नको," ते म्हणाले. "महादेवी, माझं चुकलं. मी कोपराच म्हणणार होतो. मला वाटलं तू उलटं करणार, म्हणून मी तुला मधोमध सांगितलं. माझा अंदाज चुकला गं. साफ चुकला."

कलशेट्टींच्या तोंडून "माझा अंदाज चुकला" हे वाक्य सोलापुरानं प्रथमच ऐकलं. कुंडलिकरावांनी तर टोपीच काढली.

महादेवीनं गाठ सोडली. वरचं कव्हर उचलून महेश्वरच्या हातात दिलं. त्यानं टॅबलेट आत सरकवला. लाल मोराच्या डोक्यावर, मधोमध, भोकातून कॅमेऱ्याची काच चमकत होती. खाली सगळी कव्हरं तशीच.

"अय्य शिवने," कानडीत देवाचं नाव घेत ती म्हणाली, "किती घाबरता ओ तुमी!"

"पण... मी मधोमध म्हणालो. तू उलटं केलं नाहीस?"

"केलं की. तुमच्या मनातल्याच्या उलटं केलं." ती हसायला लागली. "आठवडाभर ताटात बॅटऱ्या मांडल्या आणि मला उत्तर दिलं एका शब्दात? तुमाला खरं वाटत असतं तेव्हा तुमी तासभर बोलता, ते पण मोबाईलकडं बघत. त्या दिवशी माझ्याकडं बघितलंत. मला तेव्हाच कळलं, ह्यांच्या मनात कोपरा आहे आणि हे माझ्यासाठी खोटं बोलायलेत."

कलशेट्टींचे डोळे भरून आले. चारचौघांत भरून आले आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही. महेश्वर काचेचं कपाट उघडून वरच्या कप्प्यातले हेडफोन खाली काढायला लागला होता. "पाटीवर काय लिहू काकू?" म्हणून विचारत होता, पण महादेवीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती नवऱ्याच्या खांद्यावरची धूळ झटकत होती.

"आता मी काही बोलणारच नाही बघ," ते म्हणाले. "टॅबलेटबद्दल तोंडच उघडणार नाही."

"असं कसं? बोलायचं," महादेवी म्हणाली. "जे खरं वाटतं तेच बोलायचं, नेहमीसारखं. पुढचं मी बघते."